खडूच्या आतलं

छोटीला राग आला की ती ओरडत नाही. मशीन चालवते. अशी चालवते की शेजारचा चपलांचा दुकानदार भिंतीवर हात ठेवून बघतो, भिंत हलतेय की काय. आणि त्या सकाळी तर सुईखाली कापडच नव्हतं! रिकामी सुई खालीवर, खालीवर, आणि छोटी आपली पायडल हाणतेय, हाणतेय.

"छोटीताई, अहो मशीननं काय घोडं मारलंय तुमचं?" काजवाली वहिनी म्हणाली. काजवाली म्हणजे दुकानातली काजं, बटणं, हूक सगळं हातानं करणारी बाई. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते, तोंडात कायम दोरा, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं दातातूनच बाहेर येतं.

"मशीननं नाही. यानं." छोटीनं मशीनच्या फळीवरचा कागद दाखवला.

पांढरा कागद, टाईप केलेला, चारी कोपरे सरळ. भाऊजी ठेवून गेले होते. भाऊजी म्हणजे छोटीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आणि थोरली बहीण म्हणजे ताई, जिला सगळा रस्ता मोठीताई म्हणायचा, जिनं हे दुकान उभं केलं आणि जी गेल्या आठवड्यात गेली. रविवारी शिलाई कामगार संघटनेच्या हॉलमध्ये तिची शोकसभा होती. बहीण म्हणून छोटीनं चार शब्द बोलायचे असं ठरलं, आणि ते चार शब्द भाऊजींनी स्वतःच लिहून आणले. "तू फक्त वाच," म्हणाले. "तुला लिहायची सवय नाही, उगाच डोक्याला ताप कशाला?"

पहिलंच वाक्य: 'माझी ताई अत्यंत शांत, सोशिक आणि हसतमुख होती.'

सोशिक!

अहो, कोण सोशिक? ज्या बाईनं एका गिऱ्हाइकाचा कोट त्याच्या अंगावरच उसवला ती? झालं असं होतं की तो माणूस आरशासमोर उभा राहून म्हणाला, कोट बरा झालाय, पण कोटाचं काम पुरुषाच्या हातचंच हवं.  ताई पुढे झाली, ब्लेडनं खांद्याचा टाका कापला, एक बाही सर्रकन ओढून काढली आणि त्याच्या हातात दिली. "ही घ्या. पुरुषाकडून लावून घ्या." तो एका बाहीनं रस्त्यावरून गेला. चपलावाला अजून ती गोष्ट सांगतो आणि सांगताना दरवेळी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं हसून हसून.

आणि शांत म्हणे! घरमालकानं वीज तोडली तेव्हा हिनं मशीन उचलून त्याच्याच दाराशी, उन्हात, मांडली होती. तो आतून ओरडतोय बाजूला व्हा म्हणून, आणि ही म्हणतेय, "उजेड कमी आहे हो आत, तुम्हीच तर नेलात." संध्याकाळपर्यंत वीज आली.

आणि हसतमुख! एका तरी फोटोत हसलीय का ती? फोटोवाला म्हणायचा, बाई जरा हसा, तर म्हणायची, "आधी काहीतरी हसण्यासारखं कर."

तर ही ताई. आणि हा कागद. छोटीचं डोकं असं तडकलं होतं की त्यावर इस्त्री तापली असती.

पण रागाचं खरं कारण नुसता तो शब्द नव्हता. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी ताईला उठवत नव्हतं, तरी बोटं चादरीच्या कडेवरून फिरत असायची. एक दिवस म्हणाली, "ही टीप कुणी मारलीय? डोळे बांधून मारली का?" आणि मग चादर सोडून तिनं छोटीचं मनगट धरलं. घट्ट. आजारी माणसात एवढी ताकद कुठून येते कोण जाणे.

"मी गेले ना, की हे सगळे मिळून मला सोशिक म्हणणार बघ. जन्मभर चिडकी म्हणाले, भांडकुदळ म्हणाले, मेल्यावर सोशिक म्हणतील. मेलेली बाई सगळ्यांना सोशिक लागते. तू उठायचंस आणि खरं काय ते सांगायचंस."

"ताई, मला चारचौघांत बोलता येत नाही."

"मग लिहून ने."

"लिहिता तरी कुठं येतं मला?"

"शिवता येतं ना? मग लिहिता येईल. नाटकं करू नकोस."

आता सांगा, हे वचन दिलेल्या बाईनं तो टाईप केलेला कागद वाचायचा? छोटीनं कागदाची घडी घातली, डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारली आणि म्हणाली, "मी लिहीन."

काजवालीनं तोंडातला दोरा काढला. हे ती फार क्वचित करते. "तुम्ही?"

"हो, मी! का? हात मोडलेत माझे?"

म्हणाली खरं, पण लिहायला बसली आणि ततपप. घरी टेबलावर कोरा कागद, नवीन पेन, समोर ताईचा न हसणारा फोटो. कागद बघतोय छोटीकडे, छोटी बघतेय कागदाकडे, ताई बघतेय दोघांकडे. 'माझी ताई' एवढं लिहिलं. पुढं काय? शाळेत निबंध लिहायची तसं 'होती' लिहिलं. 'माझी ताई होती.' मग एकदम रडूच आलं, कारण तेवढंच खरं होतं आणि तेवढ्यानं काही होत नव्हतं. मग रडू आलं म्हणून राग आला. पेन आपटलं तर त्याची निबच आत गेली. संपलं लेखन.

दुसऱ्या दिवशी दुकानात कापायच्या टेबलापाशी उभी होती. हे टेबल मोठं, छातीपर्यंत उंच, कडा हात घासून घासून गुळगुळीत झालेल्या. त्यावर खाकी कागद पसरलेला, ज्यावर आधी माप आखायचं, कागद कापायचा, मग त्या नमुन्यावरून कापड. छोटी उभ्यानं गळ्याचा आकार आखत होती आणि मनात भाऊजींशी भांडत होती. भांडता भांडता हातातल्या पेन्सिलीनं गळ्याच्या शेजारीच लिहायला लागली. उभ्यानं! बसून जे सुचत नव्हतं ते उभ्यानं धो धो यायला लागलं. तिला स्वतःलाच कळेना. पण नीट बघितलं तर नवल काय त्यात, जन्मभर तिनं जो काही विचार केला तो याच टेबलाशी उभं राहून केला. कोपरं टेकली की डोकं चालू.

तिनं सगळं लिहिलं. भाऊजी असे, भाऊजी तसे. दुकानाच्या पाटीवर नाव भाऊजींचं, ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. लोकांना पुरुषाच्या नावानं विश्वास वाटतो म्हणून म्हणे! कचेरीत बसून अहवाल लिहायचे आणि संध्याकाळी दुकानात येऊन मालकासारखे खुर्चीत बसायचे. आयतोबा. बिनकण्याचे. शिंप्याच्या दुकानातला लाकडी पुतळा बरा, निदान त्याच्यावर कपडा तरी नीट बसतो. असं असं लिहिलं की कागद दोन ठिकाणी फाटला.

मग काजवालीला वाचून दाखवलं. छाती फुगवून. काजवालीनं सगळं ऐकून घेतलं, सुई दोऱ्याच्या रिळात खोचली.

"छान आहे," म्हणाली. "पण छोटीताई, मेलंय कोण?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे यात सगळे भाऊजीच आहेत. मोठीताई कुठंयत? माप भाऊजींचं घेतलंत तुम्ही आणि म्हणताय कपडा मोठीताईंचा. कसा बसायचा?"

छोटीला असा राग आला! वाटलं हिला काय कळतं, काजं करावीत हिनं. पायडलवर पाय गेला, दोन मिनिटं मशीन बडवली, आणि मग थांबली. कारण खरंच होतं ना ते. राग ताईसाठी होता पण लिहिलं होतं भाऊजींवर. आणि भाऊजींना तिथं एवढी जागा कशाला द्यायची? जिवंतपणी पाटी घेतली, आता शोकसभा पण त्यांचीच?

"उसवते," ती म्हणाली.

उसवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी उसवलेलं नसतं. टाका ओढताना कापड फाटता कामा नये. छोटीनं भाऊजींचं एकेक वाक्य काढलं आणि बघितलं, त्याच्या खाली ताई सापडतेय का. 'पाटीवर नाव भाऊजींचं' हे काढलं तर खाली सापडलं: ताई रोज सकाळी पाटीखाली झाडताना मान वर करून पाटीला विचारायची, काय साहेब, सुई ओवता आली का? अरे! हे तर ती विसरलीच होती. लिहायला घेतलं नसतं तर कधी आठवलंही नसतं. मग एकामागून एक यायला लागलं. कोटाची बाही. घरमालकाचं दार. शाळेच्या बाईंनी छोटीला ढ म्हटलं म्हणून ताई शाळेत जाऊन केवढी भांडली होती. रागारागात टाका मारताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. आणि सगळ्यात शेवटी, जे छोटीला लिहायचं नव्हतं पण हातानं लिहिलंच: पोटात दुखतंय म्हणून ताई ओरडली तेव्हा सगळे म्हणाले, हिचं नेहमीचंच.

तिथं तिनं पेन्सिल खाली ठेवली. 

मग ट्रायल. गिऱ्हाइकाला कच्च्या टाक्यातला कपडा घालून बघतो तसं छोटीनं मोठ्यानं वाचलं, काजवालीसमोर. वाचताना जिथं जीभ अडखळली तिथं झोल आहे हे आपसूक कळत होतं. एके ठिकाणी तिनं लिहिलं होतं, 'ताई म्हणजे वादळातही न विझणारी मंद ज्योत.' काजवाली खोकली.

"काय?"

"हे कुठून आणलंत? भाड्यानं?"

छोटीनं ज्योत विझवली. फक्कन. दोघी हसल्या, ताई गेल्यापासून पहिल्यांदा. आणि छोटीला वाटलं, जमतंय. मरू दे, जमतंय मला.

आणि शनिवारी दुपारी भाऊजी आले.

भाऊजी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला. "मी ऐकलं तू स्वतः लिहितेयस म्हणून. दाखव."

"भाऊजी, ते अजून..."

"दाखव गं. मी काय परका आहे?"

खाकी कागद टेबलावरच होता. भाऊजींनी उठून वाचला. हात मागे बांधून, कचेरीत खालच्या माणसाची फाईल वाचावी तसा. 

"हं," भाऊजी म्हणाले. "भावना आहेत. पण छोटी, लेखनाच्या काही पायऱ्या असतात. आधी मुद्दे काढायचे. मग कच्चा मसुदा. मग तो सुधारायचा. मग पक्की प्रत. तू कच्च्या मसुद्यावरच अडकलीस. कच्च्यात राग चालतो, पक्क्यात चालत नाही. मी जन्मभर हेच काम केलंय, माझं ऐक."

"मग सुधारायचं म्हणजे काय करायचं?"

"नको ते काढायचं. हे बघ, हे कोटाचं. एका प्रतिष्ठित माणसाचा अपमान आहे तो, काढ. हे घरमालकाचं, ते सभेला येणारेत, काढ. पाटीचं... हे तर हास्यास्पद आहे. आणि हे शेवटचं..."

शेवटच्यापाशी त्यांचं बोट थांबलं. पोटात दुखतंय म्हणून ओरडली. आणि भाऊजी रडायला लागले. खोटं नाही, खरंखुरं, खांदे हलवून. "छोटी, मला माहीत होतं का? तिचा आवाज कायमच चढलेला असायचा. मी कसं ओळखायचं सांग ना? आता सगळ्यांसमोर मला उभं करणार आहेस का तू?"

आता काय करायचं अशा वेळी? रागावलेल्या माणसाशी भांडता येतं हो, रडणाऱ्याशी कसं भांडणार? रडणं हे काय शस्त्र आहे? आहेच!  तिनं टेबलावरचा चपटा खडू उचलला. भाऊजी बोट ठेवत गेले आणि ती त्या त्या वाक्याभोवती खडूची रेघ मारत गेली. गोल नाही, चौकोन, सरळ, कारण हाताला सवयच तशी. हे काढायचं. हे काढायचं. हे पण. उरलं काय? ताई मेहनती होती. ताईच्या हाताला सफाई होती. ताईनं अनेकांना काम शिकवलं. ताईची उणीव भासेल.

"बघ," भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "आता कसं छान झालं. उद्या सकाळी येऊन हे नको असलेलं सोडून बाकीचं उतरवून घे. सभा अकराला आहे."

ते गेले. काजवालीनं काज अर्धवट टाकलं, स्टूल सरकवलं आणि घरी गेली.  छोटीनं दुकान बंद केलं आणि घरी जाताना स्वतःला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या, की ताई असती तर म्हणाली असती, जरा हळू, लोक बघतायत. नाही, ताई म्हणाली नसती. ताई म्हणाली असती, एवढ्या येतात तर त्याला का नाही घातल्यास?

रविवारी सकाळी ती दुकानात आली तर दार उघडं होतं आणि मास्तर काम उरकून चहा पीत बसले होते.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कापडावर कात्री चालवणारा माणूस. ताईपेक्षा वयानं मोठे, आता डोळे मंदावलेत पण कात्री नाही मंदावली. ते वाचत बिचत काही नाहीत. खाकी कागदावर नेहमीच कायकाय लिहिलेलं असतं, मापं, गिऱ्हाइकांच्या खुणा, फोन आल्यावरचे निरोप. त्याकडं बघायचं नाही, खडूकडं बघायचं, हे त्यांचं शास्त्र.

"छोटीताई, ते टेबलावरचं कापून ठेवलंय हो. सभा आहे म्हणून लवकर आलो, म्हटलं तुमचं काम अडायला नको. बेल्ट आणि कफच होते सगळे, पटकन झालं."

"कोणते बेल्ट?"

मास्तरांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. एका कपड्याचे सगळे तुकडे एका टाचणीत ओवून त्या खिळ्याला लावायचे, ही या दुकानाची पद्धत, म्हणजे कुणाची बाही कुणाला जात नाही. खिळ्यावर खाकी कागदाच्या पट्ट्यांचा जुडगा लटकत होता. लांब, आखूड, काटकोनात कापलेल्या. पट्ट्यांवर पेन्सिलीचं अक्षर. छोटीचं.

"मास्तर!!!"

चपलावाला धावत आला. काजवाली पण आत येत होती, तिथंच थबकली.

"मास्तर, काय केलंत हो तुम्ही? ते नको असलेलं होतं! नको होतं म्हणून खडू मारला होता मी! बाकीचं कुठंय?"

मास्तर उभे राहिले. घाबरले नाहीत, चिडले. "नको असलेल्याला खडू मारतात? कुठल्या दुकानात? खडूच्या आतलं ते कापड आणि बाहेरची ती चिंधी! हे मी तुम्हाला शिकवायचं? मोठीताईंनी ऐकलं असतं तर मापाचा गज फेकून मारला असता तुम्हाला!"

"बाहेरचं कुठंय ते सांगा आधी!"

"चिंधीचं जिथं जातं तिथं. पोत्यात घातलं. पोतं गादीवाला घेऊन गेला मघाशी."

गेलं. 'मेहनती' गेलं, 'सफाई' गेलं, 'उणीव भासेल' गेलं, सगळं कुणाच्या तरी गादीत जाऊन बसणार होतं. आणि सभेला दीड तास राहिलेला. छोटीनं दोन्ही हात डोक्याला लावले. मास्तरांवर ओरडली, काजवालीवर ओरडली, चपलावाल्याला "तुम्ही काय तमाशा बघताय?" म्हणाली, तो बिचारा गेला. मग खिळ्यावरचा जुडगा ओढून काढला, टेबलावर आपटला. टाचणी निघाली आणि पट्ट्या पसरल्या.

आणि तिनं वाचलं.

'ही घ्या. पुरुषाकडून लावून घ्या.'

'काय साहेब, सुई ओवता आली का?'

'उजेड कमी आहे हो आत, तुम्हीच तर नेलात.'

'हिचं नेहमीचंच.'

टेबलावर ताई उभी होती. हात कमरेवर. अशी की छोटी एक पाऊल मागं सरकली. काल तेच शब्द होते, त्याच कागदावर, पण मध्ये मध्ये ते मेहनती नि सफाई भरलेलं होतं, अस्तराच्या आत कापूस भरावा तसं, त्यात ताई गुदमरली होती. भाऊजींनी बोट ठेवून ठेवून, अचूक, एकही न चुकता, ताईच तेवढी कागदातून काढून टाकली होती. आणि खडू कुणाच्या हातात होता? छोटीच्या!

आता तिला जो राग आला तो वेगळा होता. तो थरथरत नव्हता. ताई टेबलाशी उभी राहिली की जसा असायचा तसा, सरळ, हातात कात्री घेतलेला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही बरोबर कापलंत."

"मग? मी काय म्हणत होतो?"

"वहिनी, अस्तराचा तुकडा द्या. लांब. कुठलाही."

पट्ट्या उलटसुलट झाल्या होत्या. तिनं त्या तुकड्यांसारख्या जुळवल्या, आधी ही, मग ती, ही इथं बसत नाही, हिला वर घ्या. कोटाची गोष्ट आधी पाटीच्या मागं होती, ती पुढं आली. शाळेची मध्ये गेली. शेवटच्या पट्टीनंतर काहीतरी उणं वाटत होतं, तिथं तिनं पेन्सिलीनं अस्तरावरच एक नवीन ओळ लिहिली. मग मशीनवर बसली, लांब टाका लावला आणि सगळ्या पट्ट्या अस्तरावर शिवून टाकल्या. पायडल अगदी सावकाश. काजवाली म्हणाली, मशीनचा एवढा हळू आवाज मी या दुकानात ऐकलाच नव्हता.

हॉल भरला होता. ताईकडं शिलाई शिकून कारखान्यात लागलेल्या बायका, दुकानवाले, दोरे विकणारा, घरमालक सुद्धा. पहिल्या रांगेत भाऊजी. अध्यक्ष उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मोठीताईंसारखी सोशिक स्त्री..."

बघा! म्हणजे बघाच! ताईनं सांगितलं होतं.

छोटी उठली. हातात कागद नाही, एक लांबच लांब पिवळट अस्तर, गुंडाळलेलं. उघडत गेली आणि वाचत गेली. आवाज कापत होता पहिल्यांदा. कोटाच्या बाहीपाशी मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तिचा आवाज सरळ झाला. घरमालकापाशी घरमालकानं खाली बघितलं. पाटीपाशी बायका मोठ्यानं हसल्या, आणि त्यातली एक ओरडली, "मला पण ओरडायची! माझी टीप वाकडी आली तर तीनदा उसवायला लावायची!" दुसरी म्हणाली, "तुला तीनदा? माझ्यावर तर गज फेकला होता!" आणि ती हे असं सांगत होती जसं काही पदक मिळालं होतं तिला. अध्यक्ष शांत राहा, शांत राहा म्हणत होते, कुणी ऐकत नव्हतं.

मग छोटीनं शेवटची पट्टी वाचली.

"पोटात दुखतंय म्हणून ती ओरडली तेव्हा सगळे म्हणाले, हिचं नेहमीचंच."

आणि त्याच्याखाली अस्तरावर सकाळी पेन्सिलीनं लिहिलेली ओळ.

"ती सोशिक असती तर आपण म्हणालो असतो, बिचारीनं सांगितलंच नाही. पण तिनं सांगितलं होतं. ओरडून सांगितलं होतं."

आता कुणी हसलं नाही.  छोटीनं अस्तराची गुंडाळी केली आणि जाऊन बसली. टाळ्या नाहीत. टाळ्या कशाला हव्यात?

सभा संपल्यावर भाऊजींनी तिला दारात गाठलं. चेहरा पांढरा पडला होता. "छोटी, हे काढते म्हणाली होतीस तू. माझ्यासमोर खडू मारलास."

"काढलंच की भाऊजी. कालचं काढलेलं तेवढंच वाचलं मी. तुम्ही ठेवलेलं गादीत गेलं."

"गादीत? ...तू मला क्षमा करणार नाहीस का?"

छोटीनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे डोळे पुन्हा भरत होते. या वेळी ती थांबली नाही. "मला नका विचारू. पाटीला विचारा," म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

राग गेला नव्हता. घरी जाऊन पण गेला नाही. जायला हवा असंही काही नव्हतं, ताईचाच होता तो, आता छोटीकडं आला होता, मशीन आली तशी.

सोमवारी सकाळी ती पाटीखाली झाडत होती तेव्हा मास्तर आले. सभेला आले होते पण मागं बसले होते, ऐकू कमी येतं त्यांना.

"छोटीताई, ते कालचं... बेल्ट आणि कफ. कुणाच्या मापाचे होते ते सांगितलंच नाहीत."

"ताईच्या."

"अस्सं. मग? बरोबर बसलं का?"

छोटीनं मान वर करून पाटीकडं बघितलं, झाडू आपटून धूळ झाडली.

"तिला बसलं," म्हणाली. "बाकीच्यांना काचलं."